दोन हातांमधला तो क्षण

११ ऑगस्ट २००८ ही तारीख आपल्याकडे नेमबाज अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकामुळे लक्षात राहिली, आणि ते योग्यच आहे. पण त्याच सकाळी, बिंद्राच्या अंतिम फेरीच्या थोडं आधी, जपानच्या कोसुके किताजिमाने बीजिंग ऑलिंपिकच्या तलावात १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५८.९१ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला होता. ५९ सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिलाच. आपला संदीप सेजवालही याच प्रकारात प्राथमिक फेरीत उतरला होता. पोहण्याचं वेड असलेल्या आम्हा मंडळींची त्या दिवशी दोनदा दिवाळी झाली.

किताजिमा टोकियोतल्या एका मांसविक्रेत्याचा मुलगा. सिडनी ऑलिंपिकमध्ये १७ वर्षांचा असताना चौथा आला. २००२ साली बुसानच्या आशियाई स्पर्धेत त्याने माइक बॅरोमनचा २०० मीटरचा दहा वर्षं टिकलेला विक्रम मोडला. मग अथेन्समध्ये १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदकं, आणि बीजिंगमध्ये तीच दोन्ही पुन्हा!

पण पदकांपेक्षा आठवतं ते त्याचं पोहणं. शेजारचे भराभर हात मारत असायचे आणि हा मात्र पाय झटकून, अंग बाणासारखं सरळ करून पाण्यात नुसता सरकत राहायचा. नवख्या माणसाला वाटे, आता हा मागे पडणार. भिंतीला हात मात्र त्याचाच आधी लागे. त्या काळात आमच्या तलावावरची पोरं त्याच्यासारखं सरकून पाहायची आणि कोच काठावरून हात मोजायचे. जितके कमी, तितकी शाबासकी.

आजची पोरं मोबाइलवर ब्रिटनच्या ॲडम पीटीचे व्हिडिओ बघतात. २०१९ मध्ये ग्वांगजूला त्याने याच १०० मीटरमध्ये ५६.८८ सेकंद नोंदवले, ही अफाटच कामगिरी. त्याचे हात इतक्या वेगाने येतात की मध्ये उसंत उरतच नाही. त्याच्या ताकदीला मी मनापासून दाद देतो. तरीही त्या सरकण्यातला संयम हल्ली क्वचितच दिसतो, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

लंडनमध्ये किताजिमाच्या हाती फक्त रिलेचं रौप्य लागलं. २०१६ मध्ये रिओची पात्रता हुकली आणि तो निवृत्त झाला. पुढे पॅरिसमध्ये, २०२४ साली, १०० मीटरचं सुवर्ण इटलीच्या निकोलो मार्तिनेंगीने ५९.०३ सेकंदांत जिंकलं. तलाव उथळ असल्याची चर्चा तेव्हा बरीच झाली. तरी सोळा वर्षांपूर्वीची किताजिमाची वेळ त्या अंतिम फेरीतही पहिली आली असती.