गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. संगणकाचे आमचे शिक्षण म्हणाल तर बी.एड.च्या वेळी केलेला एक जुजबी कोर्स, आणि पुढे शाळेची माहिती ऑनलाइन भरता भरता लागलेली सवय, एवढेच. तरीही चाळिशीच्या उंबरठ्यावर आम्ही हॅस्केल नावाची संगणकभाषा शिकायला बसलो. त्याला कारण आमचा एक जुना विद्यार्थी.

बारा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे नववीत होता. आता पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहितो. रमजान ईदनंतर बासी ईदेला तो सलाम करायला घरी आला. आम्ही घटक चाचणीच्या गुणांची सरासरी काढत बसलो होतो. शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "सर, हे काम मशीनला द्या. मी शिकवतो. पण हॅस्केलमध्ये शिका, तुम्हाला गणितासारखी वाटेल."

ही भाषा काही एका माणसाची नाही. 1987 साली काही संशोधकांनी समिती नेमली आणि 1990 मध्ये भाषेचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नाव ठेवले. रविवारी रात्री तो फोनवर शिकवू लागला आणि आम्ही जुन्या लॅपटॉपवर गिरवू लागलो. गुरू शिष्य झाला की त्याची पहिली अडचण अक्कल नसते, अहंकार असतो. आमचेही तसेच झाले.

पहिल्याच आठवड्यात घोडे अडले ते टाइप आणि व्हॅल्यू यांच्यापाशी. आम्ही टाइपला किस्म म्हणू लागलो आणि व्हॅल्यूला किंमत. मराठी वर्गात क्षची किंमत काढतात, आमच्या उर्दू वर्गातही क़ीमतच काढतात, शब्द एकच. 5 ही किंमत, आणि इंट, म्हणजे पूर्णांक, ही तिची किस्म. दोन अपूर्णविरामचिन्हे जोडून मांडली की त्यांच्या डावीकडे किंमत येते आणि उजवीकडे किस्म. 5 मध्ये 3 मिळवता येतात, "पूर्णांक" या शब्दात 3 मिळवता येत नाहीत. इतके तर आमच्या आठवीच्या मुलांनाही कळते. मग आम्हाला का कळेना?

कारण पुढे आपली स्वतःची किस्म बनवायची होती. हॅस्केलमध्ये किस्मचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होते. ती किस्म ज्या किमतींनी बनते, त्यांची नावेही मोठ्याच अक्षराने सुरू होतात. नस्तालीक असो की देवनागरी, आमच्या दोन्ही लिप्यांत मोठे-लहान अक्षर नाही. मोठे अक्षर दिसले की आम्हाला सगळे सारखेच वाटे. त्यात भर म्हणजे कधी कधी समान चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव असते: डेटा मुलगा = मुलगा स्ट्रिंग इंट. डावीकडचा "मुलगा" किस्म आहे. उजवीकडचा "मुलगा" नाव आणि वय घेऊन एक मुलगा तयार करून देणारा आहे. नाव एक, वस्ती दोन. प्रोग्राममध्ये कुठे उभा आहे त्यावरून त्याला ओळखायचे.

गुणांच्या कामात आमची पहिली चूक वेगळी होती. आम्ही गुणांची साधी यादी केली आणि जो परीक्षेला आला नाही त्याच्यापुढे 0 टाकला. वहीत वर्षानुवर्षे तेच करत आलो होतो. समजा पाच मुलांत चौघांचे गुण 60, 70, 50 आणि 80, आणि पाचवा आलाच नाही. शून्य धरले तर सरासरी 52 येते. आलेल्या चौघांचीच धरली तर 65. त्याने फोनवर विचारले, "सर, हा शून्य त्याने मिळवला का?" आम्ही गप्प.

मग त्याने मेबी शिकवले. मेबी इंट ही अशी किस्म की तिच्यात एक तर जस्ट 60, जस्ट 0 अशी किंमत असते, किंवा नथिंग. जस्ट 0 म्हणजे मुलगा आला, पेपर लिहिला, गुण मिळाले नाहीत. नथिंग म्हणजे गुणच नाहीत. नथिंगमध्ये 60 मिळवायला जा, कंपायलर प्रोग्राम चालूच देत नाही. आधी विचारतो, गुण नसतील तेव्हा काय करायचे ते सांग.

पुढच्या रविवारी आम्ही निकाल नावाची किस्म लिहिली: डेटा निकाल = पास इंट | नापास इंट | गैरहजर. फार बरे वाटले. त्या भरात शेरा देणारे फंक्शन लिहिले आणि त्याची किस्म मांडली, नापास पासून स्ट्रिंग. कंपायलरने लाल अक्षरात तक्रार केली. तिचा सरळ अर्थ असा, की नापास नावाची किस्म इथे कुठेही नाही.

आम्ही चिडलो. वरच्याच ओळीत तर लिहिले आहे, मग नाही कशी? फोनवर तो हसला. म्हणाला, "सर, किस्म निकाल आहे. नापास ही त्यातली एक किंमत. नापास नावाची किस्म नसते." मग थोडे थांबून आपल्या दखनीत म्हणाला, "और मैं तो नापास बी नहीं था सर. मैं गैरहाजर था."

आमच्या हातून माऊस सुटला.

तो नववीत असताना वडील आजारी पडले, आणि फळांचा गाडा परीक्षेच्या दिवसांत त्याला लावावा लागला. तीन पेपरांना तो आलाच नाही. आम्ही वर्गशिक्षक. वहीत त्याच्यापुढे लाल शाईने तीन शून्ये टाकली आणि खाली नापास लिहिले. घरी गेलो नाही, कुणाला विचारले नाही. उलट शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, "ही मुलं अशीच, नापासच्या जातीची." बाहेर आमच्या माध्यमाला, आमच्या मोहल्ल्याला कुणी असा एक शिक्का मारला की आम्ही तावातावाने बोलतो, लेख लिहितो. वर्गात तोच शिक्का आमच्या हातात होता. त्या मुलाचे एक वर्ष गेले. ते कसे गेले हे त्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते, आणि त्या रात्रीही यापलीकडे काही बोलला नाही. म्हणाला, "चला सर, आता फंक्शन पुरं करा."

फंक्शन पुरे करताना आणखी एक गोष्ट कळली. आम्ही पाससाठी ओळ लिहिली, नापाससाठी लिहिली, आणि गैरहजर विसरलो. इशारे चालू ठेवले होते म्हणून कंपायलरने दाखवून दिले, की गैरहजर आला तर तुझ्याकडे उत्तर नाही. इशारे बंद असते तर प्रोग्राम तयार झाला असता, आणि त्या मुलाचे नाव आल्यावर मधेच कोसळला असता. किस्मचा उपयोग तेव्हा आमच्या ध्यानात आला. किस्म कुणाला शिक्का मारत नाही. कोण कोण येऊ शकते याची ती यादी आहे, आणि त्या प्रत्येकासाठी तुमच्याकडे उत्तर आहे का, हे त्या यादीवरूनच तपासले जाते. प्रोग्राम चालायला लागला की किस्म बहुधा पुसून टाकलेली असते. पुढे सारा व्यवहार किमतींचा.

शाळा उघडल्यावर कपाटातून ती जुनी वही काढून पाहिली. लाल शाई फिकी झाली आहे, पण शून्ये दिसतात. जुन्या नोंदीत आता बदल करता येत नाही, आणि केला तरी त्याचे वर्ष परत येणार नाही.

पहिल्या घटक चाचणीला सातवीतली एक मुलगी आली नाही. तिच्या नावापुढे आम्ही गैरहजर लिहिले, पूर्ण शब्दात. संध्याकाळी पत्ता विचारत तिच्या घरी गेलो. दार तिच्या अम्मीने उघडले.