आधी करडा, मग चेहरा

बर्फात काढलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडला की हिरमोड होतो. डोंगर मळकट, आभाळ फिकट आणि माणसं म्हणजे पार्का घातलेल्या काळ्या सावल्या. ज्यांच्यासाठी कॅमेरा उचलला, त्यांचेच चेहरे गायब.

दोष कॅमेऱ्याचा नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं असणार, असं त्याचा मीटर धरून चालतो. हा आकडा ५० नाही, १८ आहे, कारण आपल्या डोळ्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या मधोमध वाटणारा करडा तेवढाच असतो. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो एक्स्पोजर कमी करतो. बर्फ करडा होतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. उपाय जुना आहे. बर्फात मीटर सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त द्यायचे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट.

चित्रीकरणापुरतं हे ठीक. खरी कसोटी पुढे, रंग आणि उजेड बसवताना लागते.

गेल्या हिवाळ्यात लडाखमध्ये आमच्या युनिटच्या रेझिंग डेसाठी एक छोटी फिल्म करायची ठरली. ठिकाण सांगत नाही, परवानगीची सगळी कागदपत्रं झाली होती एवढंच सांगतो. फिल्म बघणार होती खाली फॅमिली क्वार्टर्समध्ये राहिलेली कुटुंबं. युनिट मिश्र. तमिळ, झारखंडी, बिहारी, लडाखी, चार-पाच सातारा-कोल्हापूरचे. हा माझा जुना छंद असल्यामुळे एडिटिंग माझ्याकडे आलं. जागा म्हणजे फायबरचा शेल्टर, बाजूला बुखारी, डोक्यावर जनरेटरच्या तालावर कमीजास्त होणारा पिवळा बल्ब.

अशा उजेडात डोळ्यावर विसंबून चालत नाही. डोळा दहा मिनिटांत कशालाही सरावतो. पिवळ्या बल्बला सरावलेल्या डोळ्याला स्क्रीन निळसर वाटतो, मग हात आपोआप पिवळेपणा वाढवत जातो. सकाळी बघावं तर सगळ्या कंपनीला कावीळ. म्हणून आधी खुणा पक्क्या करायच्या, मग हात लावायचा.

खडकवासल्याला अकॅडमीत नकाशावाचनात रिसेक्शन शिकवतात. आपण कुठे आहोत ते कळत नसेल तर अंदाज बांधायचा नाही. नकाशावरही आहेत आणि डोळ्यांसमोरही आहेत अशा दोन-तीन खुणा शोधायच्या, कंपासने त्यांचे बेअरिंग घ्यायचे आणि नकाशावर उलट रेषा मारायच्या. रेषा छेदतात तिथे आपण. समोर सिंहगडावरचा टॉवर असला की काम सोपं. कर्व्ह वापरायचा तोही असाच.

कर्व्ह म्हणजे एका चौकटीतली तिरकी रेघ. आडव्या अक्षावर कॅमेऱ्याने टिपलेला उजेड, उभ्या अक्षावर पडद्यावर दिसणारा. रेघेवर बिंदू ठेवायचे आणि वरखाली सरकवायचे. हौशी माणूस रेघेला इंग्रजी एसचा आकार देतो, चित्र चमकदार दिसतं, तो खूश होतो. पण ते बिंदू कशाचे आहेत? त्या जागी काळा आहे की कुणाचा गाल? हे ठाऊक नसेल तर ते नकाशाशिवाय चालणं झालं.

खुणा तीन. काळा, मध्यम करडा आणि पांढरा. आमचा कॅमेरा एस-लॉग-३ मध्ये टिपतो. त्यात चित्र मुद्दाम फिकट येतं, म्हणजे उजेड-अंधाराचे तपशील शिल्लक राहतात. वेव्हफॉर्म या आलेखावर ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा धरला, तर एस-लॉग-३ मध्ये निव्वळ काळा ३.५ वर बसतो, १८ टक्के करडा ४१ वर आणि ९० टक्के पांढरा ६१ वर. टीव्हीसाठीच्या नेहमीच्या रेक. ७०९ या मापात करडा असतो पुन्हा ४१ वरच आणि पांढरा ९५ च्या आसपास. म्हणजे एक्स्पोजर नेमकं असेल तर करड्याला हलवायचंच नाही. तो खुंटा. त्याच्याभोवती रेघ फिरवायची. काळा शून्याकडे ओढायचा, पांढरा नव्वदीपर्यंत चढवायचा आणि त्यापुढे रेघ हळूहळू आडवी करायची, म्हणजे बर्फावरची उन्हाची चकाकी एकदम जळून जात नाही.

प्रत्यक्षात एक्स्पोजर क्वचितच नेमकं असतं. सावलीत खरखर कमी यावी म्हणून पुष्कळ लोक लॉग चित्रण मुद्दाम एक स्टॉप जास्त ठेवून करतात. मग करडा ४१ ऐवजी ४९ वर सापडतो. अशा वेळी पुस्तकातला आकडा उपयोगाचा नाही, आपलं कार्ड जिथे पडलं तो आकडा धरायचा. ४९ वर बिंदू ठेवायचा आणि त्याला ४१ वर आणायचा. सकाळच्या शॉटचं कार्ड वेगळं, दुपारच्या शॉटचं वेगळं. दोन्हीकडे करडा एकाच जागी आणला की दोन्हीकडचा माणूसही एकच दिसतो.

रंगाचंही तसंच. लाल, हिरवा आणि निळा शेजारी शेजारी दाखवणाऱ्या आलेखाचं नाव आहे परेड, आणि फौजीला हे नाव आवडणारच. करड्या कार्डावर तिघांची उंची सारखी हवी. बर्फाच्या प्रदेशात सावलीवर फक्त आभाळाचा उजेड पडतो, म्हणून तिथे निळा नेहमी मान वर काढून उभा असतो. निळ्याचा वेगळा कर्व्ह उघडायचा, करड्याच्या जागी बिंदू ठेवायचा आणि त्याला रांगेत आणायचं.

प्रत्येक शॉटआधी कार्ड धरायला वेळ नसतो. मग चौकटीतच ओळखीच्या वस्तू शोधायच्या. फौजेत जे हलत नाही त्याला चुना फासलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याची वानवा नाही. वाटेच्या कडेचे नव्याने रंगवलेले दगड कामाला येतात. रबरी बुटाचा सावलीतला भाग काळ्यासाठी चालतो. आणि करड्यासाठी तळहात. चेहरे कितीही गोरे-सावळे असोत, तळहातांमध्ये तितका फरक नसतो. साधारणपणे तळहात मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ धरतात. ग्लव्ह काढून दोन सेकंद तळहात कॅमेऱ्यासमोर, तोही चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात धरलेला. उणे वीसमध्ये जवान तोंड वाकडं करतो, पण करतो.

आता चेहऱ्यांकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच. ‘चेहरा ७० वर ठेवा’ हा सल्ला व्हिडिओवाल्यांमध्ये जुना आहे. तो गोऱ्या कातडीवरून आलेला आहे. फोटोच्या जगातही हेच होतं. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड पाठवायची. ते शर्ली कार्ड म्हणून ओळखलं जाई. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डं रुळायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर शर्ली ठीक दिसली की बाकीचे आपोआप ठीक समजायचे. सावळ्या माणसाचे दात आणि डोळे तेवढे फोटोत यायचे.

आमच्या कंपनीचे चेहरे लॉगमध्ये मोजले तर अंदाजे ३२ पासून ४९ पर्यंत पसरलेले. म्हणजे दोन स्टॉप. कुणाचाही एक चेहरा खूण म्हणून धरला तर दुसऱ्यावर अन्याय ठरलेला. करडा कार्डाचा तुकडा मात्र कुठल्याच गावचा नाही. तो जागेवर बसवला की लडाखी ड्रायव्हर त्याच्या जागी, तमिळ नाईक त्याच्या जागी, आणि गॉगलच्या आतलं गोरं आणि बाहेरचं करपलेलं असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर वागवणारा साताऱ्याचा शिपाईही त्याच्या जागी.

झारखंडचा एक हवालदार एडिटिंग बघायला येऊन बसायचा. एके रात्री हळूच म्हणाला, ‘‘साब, मुझे थोड़ा गोरा कर दो ना. घरवाले देखेंगे.’’

नुसतं नाही म्हटलं असतं तर साहेबांनी टाळलं असं त्याला वाटलं असतं. मी त्याचा चेहरा ज्या बिंदूवर होता तो पकडून वर सरकवला. त्याचे गाल उजळले. मागचा बर्फ चुन्याच्या भिंतीसारखा सपाट झाला, शेजारी उभ्या असलेल्या लडाखी ड्रायव्हरचं नाक गालात विरघळलं. मग फक्त हवालदाराभोवती गोल आखून तेवढाच भाग उजळून दाखवला. आता तो एकटाच उन्हात उभा, बाकी सेक्शन ढगाखाली. चेहऱ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘ये तो मेरे छोटे भाई जैसा लग रहा है. रहने दो साब. पहले वाला ठीक है.’’

मी बिंदू परत खाली आणला. टोपीच्या कडेची सावली कपाळावर फार गडद होती, तेवढी कर्व्हच्या खालच्या टोकाला किंचित उचलून मोकळी केली. करड्याला हात लावला नाही.

रेझिंग डेला फिल्म खाली दाखवली गेली. दोन दिवसांनी हवालदाराचं घरी बोलणं झालं आणि तो थोडा खट्टू होऊन आला. एवढे दिवस तो फोनवर सांगत होता की इथे सगळं मजेत आहे, खाणंपिणं उत्तम आहे, थंडी काही विशेष नाही. बायकोने फिल्म बघून पहिलंच विचारलं की गाल एवढे का बसलेत, आणि नाकावरचं ते काळं काय आहे. थंडीने करपलेल्या कातडीचा डाग होता तो. बोटाच्या पेराएवढा.

‘‘सब दिख गया साब,’’ तो म्हणाला.

दिसणारच होतं. खालच्या माणसांना पोस्टकार्डावरचा हिमालय नको असतो, आपला माणूस कसा आहे ते हवं असतं. सिनेमासाठी रंग खुशाल खेळवावेत, तिथे मूड ही गरज आहे. पण जिथे माणूस ओळखू यायला हवा तिथे क्रम चुकवू नये. आधी करडा, मग काळा-पांढरा, आणि शेवटी चेहरा, तोही जिथे पडेल तिथे. हवालदाराने त्या दिवशी मेडिकल रूममधून क्रीम घेतलं. पुढच्या फोनवर बायकोला पेरभर डागाची प्रगती सांगावी लागणार होती.