लोकरीची प्रवाळभित्ती

क्रोशाची सुई ही एके काळी घरोघरच्या स्त्रियांची दुपारची सोबतीण होती. दाराचे तोरण, रेडिओवरचा रुमाल, नातवाची टोपी एवढीच त्या कलेची मजल समजली जाई. तिचे मोल कोणी कधी खतावणीत मांडले नाही. त्याच सुईतून पुढे एक जगभर फिरणारे सामुदायिक कलाप्रदर्शन उभे राहिले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची रांग सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली आहे. तिच्यात शेकडो बेटे असून त्यांतील कित्येक प्रवाळांच्याच चुऱ्यातून घडलेली आहेत. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणी याच प्रांतात वाढल्या. समुद्र तापून प्रवाळ मरू लागल्याची चिंता त्यांना लागली आणि २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी त्यांनी लोकरीचे प्रवाळ विणायला घेतले.

विणण्याची रीत त्यांना गणिताने दिली. प्रवाळाच्या कडेला झालरीसारख्या वळ्या असतात. अशा पृष्ठभागाच्या भूमितीला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. तिचे टिकाऊ नमुने करणे गणितज्ञांना फार कठीण जात असे, कारण कागदाचे नमुने हाताळताना फाटत. कॉर्नेल विद्यापीठातील डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये हा नमुना क्रोशाने विणून दाखवला. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचे, एवढीच युक्ती. व्यापाऱ्याला ती चटकन उमगेल, कारण हे चक्रवाढ व्याजच आहे. दर पाच टाक्यांमागे एक वाढवला, तर पहिल्या ओळीतील १०० टाक्यांचे दुसरीत १२०, तिसरीत १४४ आणि दहाव्या ओळीत पाचशेच्या वर होतात. इतके टाके सपाट मावायचे कसे? मग कापड आपोआप वळ्या घेऊ लागते. जी गोष्ट प्राध्यापकांना कागदावर अवघड गेली, ती विणकाम जाणणारी आजी सहज करू शकते. फक्त त्याला भूमिती म्हणतात हे तिला कोणी सांगितलेले नसते.

पुढे गावोगावचे गट आपापली स्थानिक प्रवाळभित्ती विणू लागले. विणणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे २०२२ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी सुमारे ४,००० हातांनी ४०,००० हून अधिक प्रवाळ विणले. प्रत्यक्ष समुद्रातही प्रवाळभित्ती अशीच वाढते. कण्याएवढ्या जीवाने आपल्यापुरते चुन्याचे घर बांधायचे, त्यावर पुढच्याने, आणि हे हजारो वर्षे चालायचे.

जैन वाचकाचे लक्ष येथे थोडे थबकेल. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात आणि ‘जीवविचार’ प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात आहे. आजचे जीवशास्त्र त्याला प्राणी मानते. दोहोंची वर्गवारी निराळी, पण प्रवाळ सजीव आहे याविषयी मात्र मतभेद नाही. अंगठीतले पोवळे खोल पाण्यातील निराळ्या जातीचे असते, तरी तेही अशाच सूक्ष्म जीवांचे बांधकाम होय. जवाहिऱ्याच्या पेढीवर त्याचा भाव रतीवर ठरतो, आणि घर बांधणाऱ्याची आठवण क्वचितच निघते.

प्रदर्शनातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पांढरा आहे. पाणी तापले की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारे, त्याला अन्न आणि रंग देणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. ताप लवकर ओसरला तर तो सावरतो, एरवी उपाशी मरतो. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये असे व्यापक विरंजन झाले. बहिणींनी ही अवस्था फिकट, पांढऱ्या धाग्यांत विणली आहे. ती इतकी देखणी दिसते की ते मरणाचे चित्र आहे हे क्षणभर ध्यानात येत नाही. हा त्या कलाकृतीचा गुण की दोष, हे सांगणे सोपे नाही. लोकरीने समुद्राचे पाणी निवत नाही, हेही खरेच.

याच प्रकल्पाचा आणखी एक भाग मात्र विणलेला नाही. दोघी बहिणींनी चार वर्षे आपल्या घरातील प्लास्टिकचा कचरा बाहेर न टाकता साठवला. पिशव्या, बाटल्या, डब्यांची झाकणे, वेष्टने असा तो सारा ढीग त्यांनी प्रवाळांच्या शेजारीच प्रदर्शनात मांडला.