बारीक आहे म्हणजे ठणठणीत आहे का?

"डॉक्टर, मला कशी काय शुगर निघेल? मी तर बारीक आहे!" रिपोर्ट हातात घेऊन असं विचारणारी माणसं ओपीडीत नेहमी भेटतात. आपल्या बीड जिल्ह्यात बारीक माणसाला काटक म्हणतात आणि पोट सुटलेल्याला खात्यापित्या घरचा. दोन्ही समज तपासून घ्यायला हवेत. त्यासाठी बीएमआय उपयोगी पडतो, पण तो एकटा पुरत नाही.

आधी हिशेब करून बघा. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीने भागा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीने भागा. समजा वजन ६६ किलो आणि उंची १.६५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. पहिल्या भागाकारात ४० आले, दुसऱ्यात २४.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात २५ पर्यंत सगळं ठीक असतं. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ साली रेषा खाली आणली: २२.९ पर्यंत योग्य, २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे हा माणूस आपल्या हिशेबाने जास्त वजनाचा ठरतो.

रेषा खाली का आणली? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात, आणि पोटातली चरबीच मधुमेहाला बोलावते.

याची सुरुवात आईच्या पोटातच होते. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी होती, पण चरबीने तितकी कमी नव्हती. त्यांच्या आया शेतात राबणाऱ्या, किरकोळ बांध्याच्या होत्या.

हे वाचताना मला आपल्या ऊसतोडीच्या बायकाच दिसतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर इकडून दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. पहाटे थंडीत फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं. दीड मीटर उंची आणि ३८ किलो वजन असेल तर बीएमआय १६.९ येतो. त्याला काटकपणा म्हणू नका. ती उपासमार आहे, आणि सोबत बहुतेक वेळा हिमोग्लोबिनही कमी असतं. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. तिचं उद्याचं बाळ मोठं होऊन शहरात बैठं काम करू लागलं की चाळिशीच्या आतच शुगर घेऊन येऊ शकतं. कुपोषण आणि मधुमेह हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी आता मानत नाही.

म्हणून बीएमआयसोबत शिंप्याचा टेप वापरा. सरळ उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पोट आत ओढायचं नाही (पुरुषमंडळी हटकून ओढतात). पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर बीएमआय २१ असला तरी उपाशीपोटी शुगर तपासून घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना मात्र ही मोजमापं लावू नका.

बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर ताटावर बसावं. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं असावं. तोडीला निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन आणि हिमोग्लोबिन तपासून कागदावर लिहून घ्या. पाडव्याच्या सुमारास परतल्यावर पुन्हा वजन करा. ४० किलोच्या बाईचं दोन किलो जरी उतरलं असेल, तरी "कामाने उतरलं" म्हणून सोडू नका. खोकला, ताप असेल तर क्षयाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या.