फिरलेली काच

गाणगापुरास संगमावर मार्च-एप्रिलच्या दिवसांत सकाळी नऊनंतर उभे राहणे डोळ्यांना सोपे नाही. भीमा आणि अमरजा यांचे पाणी संथ असले म्हणजे त्यावरून परतणारे ऊन सरळ डोळ्यांत शिरते. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते मला सोसेनासे झाले. डॉक्टरांनी गॉगल वापरावयास सांगितले. बाजारात शंभर तऱ्हेचे गॉगल टांगलेले असतात. पण मी ट्रंकेतून काढला तो वडिलांचा.

दादांनी तो १९५२ च्या सुमारास हैदराबादेहून आणला होता. आमचा मुलूख तेव्हा हैदराबाद राज्यातच मोडत असे. फ्रेम कासवाच्या पाठीच्या रंगाची, काचा अगदी रुपयासारख्या गोल, आणि बाजूने ऊन येऊ नये म्हणून दोन्हीकडे चामड्याच्या लहान झडपा. असला गॉगल घालून दादा शेतावर निघाले की आम्हा मुलांना ते इंग्रजी चित्रपटातल्या वैमानिकासारखे वाटत. हिरव्या काचांपैकी एक तडकली होती. काचा तेवढ्या बदलाव्यात, म्हणून मी तो कलबुर्गीच्या एका दुकानी दिला. चार दिवसांनी नव्या पोलराइज्ड काचा बसवून परत मिळाला. काड्या थोड्या आत वळल्यासारख्या दिसत होत्या आणि गॉगल नाकावरून घसरत होता, पण संगमावर पहिल्या दिवशी घातला तेव्हा पाण्यावरची चकाकी नाहीशी होऊन खालचे दगडगोटे दिसू लागले. मी खूष झालो.

महिन्याभराने चकाकी परत आली. तीही केवळ डाव्या डोळ्याला. उजव्याने पाहिले तर पाणी शांत. डाव्याने पाहिले तर आरशासारखे झगझगते.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमच्या आईची दृष्टी काचबिंदूने गेली. शेवटची काही वर्षे मी तिचा हात धरून तिला मठात नेत असे. पादुकांसमोर उभी राहून ती हात जोडी आणि मला हळूच विचारी, "आज फुलं कसली वाहिलीत रे?" काचबिंदू घराण्यात चालत येतो हे मला ठाऊक होते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर बसविलेल्या भिंगामागची पिशवी कालांतराने धुरकट होऊ शकते आणि मग उजेड फाकून दिसतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. दोहोंपैकी काय झाले असेल याचा घोर लागला. नोकरीत असताना दुसऱ्यांचे अर्ज वेळेत निकाली काढण्याचा माझा लौकिक होता. स्वतःचा हा अर्ज मात्र मी आठ दिवस कोणापुढे ठेवला नाही. रात्री सगळे निजले की उजवा डोळा हाताने झाकून गुरुचरित्राची पोथी उघडावी आणि अक्षरे लागतात का पाहावे. लागत होती. तरी धीर येईना.

नवव्या दिवशी सौभाग्यवतींनी पकडले. "अहो, डोळा झाकून काय वाचताय?" मग सांगावेच लागले. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बुबुळात औषध घालून तपासले, दाब मोजला आणि डोळा निर्दोष असल्याचे सांगितले. मग चकाकी कशाची?

उत्तर मिळाले ते बाजारातल्या एका बोळात, चष्मे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे. त्याने आधी फ्रेम अंगठ्याने जोरात घासली आणि हुंगली. "कापूर," म्हणाला, "सेल्युलॉइड आहे साहेब. याला आग दाखवू नका. भडकून पेटतं." जुन्या सेल्युलॉइडमध्ये कापूर घालीत हे मी वाचले होते, पण आरतीच्या तबकातला वास दादांच्या गॉगलला यावा, हे पन्नास वर्षांत ध्यानी आले नव्हते. मग त्याने मला दुकानाबाहेर उभे केले, समोर उन्हात एक मोटार होती. "गॉगल उलटा करा. वरची बाजू खाली, आणि लावा." तसे केल्यावर उजवी काच डाव्या डोळ्यावर आली. आता डाव्या डोळ्याला मोटारीचे बॉनेट शांत दिसू लागले आणि उजव्याला झगमगू लागले! दोष काचेबरोबर फिरला, डोळा जागच्या जागी राहिला. एवढी साधी परीक्षा मला सुचू नये याची लाज वाटली.

कारण पुढे कळले. पाण्यासारख्या आडव्या पृष्ठभागावरून तिरपा परतलेला प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावतो. परावर्तित प्रकाशाचा हा स्वभाव फ्रान्सच्या मालुसने १८०८ मध्ये ओळखला. पुढे अमेरिकेच्या एडविन लँडने १९२९ मध्ये त्यास अडविणाऱ्या पातळ पडद्याचे पेटंट मागितले. पोलराइज्ड काच आडवी कंपने गिळते आणि उभी जाऊ देते. अर्थात ती बसवावी लागते एकाच दिशेने. चौकोनी वा बदामी फ्रेममध्ये काच हलूच शकत नाही. गोल फ्रेममध्ये तिला अडविणारा कोपरा नाही. मी रोज उपरण्याने काच पुसत असे, अंगठा गोल फिरवून, आणि सदैव एकाच दिशेने. डावी काच थोडी सैल होती. ती पुसता पुसता पाव फेऱ्याच्या आसपास फिरली. दादांच्या हिरव्या काचाही फिरल्या असतील, पण साधा रंग फिरला तरी कोणास कळणार? सिलिंडरचा नंबर असलेल्या काचेला मात्र हे परवडत नाही. ती तीस अंश फिरली की नंबराचा सारा उपयोग संपतो.

काड्या आत का वळल्या, तेही त्याने दाखविले. जुनी फ्रेम समोरून जवळजवळ सपाट, आणि आधीच्या दुकानाने बसविलेल्या काचा हल्लीच्या डोक्याभोवती वळणाऱ्या गॉगलसाठी असतात तशा फुगीर. फ्रेमला काचेच्या वळणावर जावे लागले. त्याने कमी वळणाच्या काचा निवडल्या. दुसरा एक पोलराइज्ड गॉगल आडवा धरून, त्यासमोर काच फिरवीत फिरवीत, जेथे ती पूर्ण काळी होते ती जागा पाहिली, तेथून काटकोनात वळवून कडेला शाईचे दोन ठिपके दिले. फ्रेम वाडग्यातल्या गरम पाण्यात नरम केली, खोबणीत पारदर्शक प्लास्टिकची बारीक पट्टी घातली आणि ठिपके आडव्या रेषेत ठेवून काच दाबली. खट् असा आवाज झाला. मग पुन्हा तो दुसरा गॉगल समोर धरून दोन्ही काचा तपासल्या. "पुसताना वरून खाली पुसा साहेब. फिरवू नका."

ठिपके त्याने पुसू दिले नाहीत. अजून काचेच्या कडेला आहेत. महिन्यातून एकदा गॉगल उन्हात धरून ते आडवे आहेत ना, एवढे मी पाहतो. गुरुवारी आम्ही उभयता संगमावर जातो, आणि मठात शिरताना गॉगल काढून खिशात ठेवतो. आत मिनिटभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू समई दिसते, आणि त्या दिवशी कसली फुले वाहिली आहेत ते दिसते.