दारावरचा पोचा



गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. सकाळी अभिषेकाला जायची घाई. स्कूटर साइड स्टँडवर नीट न लावताच मी पिशवी घ्यायला वळले आणि ती कलंडली, थेट आमच्या गाडीच्या दारावर. उचलून पाहते तर दाराला दोन पोचे. एक ताटलीएवढा पण उथळ, दुसरा ब्रेकच्या दांडीचा, चिंचोक्याएवढा पण खोल. आसपास कोणी नव्हतं. मी मंदिरात निघून गेले.

संध्याकाळी ह्यांना दिसलं. वॉचमनचा मुलगा पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतो, संशय त्याच्यावरच गेला. ह्यांनी त्याला बोलावून चांगलंच झापलं. "मी नाही केलं, आजोबा," एवढंच तो म्हणत होता. मी गॅलरीत कपडे काढत होते. सगळं ऐकलं आणि घड्या घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "विम्यातून करून घेऊ." मी कॉमर्सवाली, लगेच हिशोब मांडला. पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. एका पोच्यासाठी ती घालवायची? "थांबा, मी बघते," म्हटलं.

तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. रंग तडकलेला नसेल आणि पोचा पसरट असेल तरच हे करा. दार धुऊन पुसलं. सिंक तुंबल्यावर वापरतो तो रबरी प्लंजर स्वच्छ केला, कड ओली करून पोच्यावर दाबला आणि सरळ बाहेर ओढला. चार-पाच वेळा निसटला. मग 'टक्' आवाज झाला आणि पत्रा जागेवर आला. गरम पाण्याची युक्ती प्लास्टिकच्या बंपरला चालते, लोखंडी दाराला तिचा फारसा उपयोग नाही. खोल पोचा मात्र हलला नाही. तिथे पत्रा ताणला जातो, तो कारागिराचंच काम.

हे खूश झाले. "विषय संपला," म्हणाले. पण खाली पाहिलं तर तो मुलगा फाटकाबाहेर रस्त्यावर खेळत होता, वाहनांच्या मधून. आईने पार्किंगमध्ये खेळायला बंदी केली होती.

तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असावं, हे मी कित्येक वर्षं ऐकत आलेय. त्या दिवशी प्रवचनात मान वर करवेना. पैसे वाचवायला दार दुरुस्त केलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला माझी खूण पुसायची होती.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले. मग चपला घालून म्हणाले, "चल, दोघंही जाऊ."

मी त्या मुलाची आणि त्याच्या आईची हात जोडून क्षमा मागितली. आई संकोचून "राहू द्या, काकू" म्हणाली. मुलगा मात्र ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "मी सांगत होतो ना!" ह्यांनी मान खाली घातली.

आता तो पुन्हा पार्किंगमध्ये खेळतो. चिंचोक्याएवढा पोचा अजून तसाच आहे. आणि मी स्कूटर मेन स्टँडवरच लावते.