हिच्या पोटात अंडी साठलीत, डॉक्टर

पोट फुगलेली कोंबडी टेबलावर ठेवता ठेवता माणसं हे वाक्य बोलतात. पाटीतून येणारी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारी, हल्ली मांजराच्या पिंजऱ्यातून येणारीही कोंबडी मी तपासतो, आणि हे निदान बहुतेकांनी घरूनच करून आणलेलं असतं. ते अर्धं खरं असतं. अंडी तशी साठून राहत नाहीत, पण पोट फुगण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अंडं घालण्याचीच यंत्रणा असते.

कोंबडीला डाव्या बाजूचाच बीजांडकोश आणि डावीच अंडनलिका कामाची असते. बीजांडकोशातून पिवळा बलक सुटतो, नलिकेचं नरसाळ्याच्या आकाराचं तोंड तो झेलतो, पुढे त्यावर पांढरा बलक आणि पातळ पडदे चढतात आणि शेवटी कवच. या सगळ्याला साधारण 25 तास लागतात. त्यातले 20 तास नुसत्या कवचाला. एका कवचासाठी सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि चाऱ्यातून ते कमी पडलं की कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. अंडं पडल्यावर तासाभरात पुढचा बलक सुटायला तयार. जिच्यापासून आपल्या कोंबड्या आल्या ती लाल रानकोंबडी एका वेळी मोजकी अंडी घालते, उबवते, पिल्लांमागे फिरते. परसातली गावरान कोंबडीही अधूनमधून खुडूक होऊन थांबते. पण अंड्यांसाठी पैदास केलेली तपकिरी किंवा पांढरी लेयर वर्षाला 300 च्या वर अंडी देते. खुडूक होणं तिच्यातून माणसाने निवडून निवडून काढून टाकलं आहे. तिला विसावाच नाही, आणि पोटाचे आजार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत तीच जास्त असते.

कधी बलक नरसाळ्यात न जाता पोटात पडतो. एखाददुसरा शरीर शोषूनही घेतं. पण मागच्या वाटेने शिरलेले ई. कोलाय जिवाणू नलिकेतून वर चढले असतील, तर बलक म्हणजे त्यांना मेजवानी. पोटाचं अस्तर सुजतं, पाणी धरतं, आतडी एकमेकांना चिकटतात. नलिकेलाच संसर्ग झाला तर आत पिवळट, चिवट, थरांवर थर चढलेला गोळा तयार होतो. कधी तो अंड्यासारखा बाहेर पडतो आणि घरचे घाबरून डबीत भरून घेऊन येतात. अवश्य आणावा. निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

चिपळूणकडच्या एका आजींनी आणलेली तपकिरी कोंबडी मला अजून दिसते. पाय फाकून, छाती वर काढून ताठ उभी. तुरा फिका, कडेला जांभळट. शेपटीखालची पिसं ओली, शीट वाळून चिकटलेली. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, खाऊन खाऊन गुबगुबीत झाली हो, पण अंडं काही देत नाही.” मी त्यांचा हात धरून कोंबडीच्या छातीवर ठेवला. मधलं हाड बोटांना धारदार लागत होतं, दोन्ही बाजूंचं मांस झडलेलं. मग हात दोन पायांच्या मधे खाली नेला. तिथे पाणी भरलेला फुगा. आजी काही बोलल्या नाहीत. नुसती तिच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिल्या.

अशा कोंबडीला कधीही उताणी करू नये. माणसासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा तिला नसतो. श्वासाचे वायुकोश पोटापर्यंत पसरलेले असतात. पोटातल्या पाण्याने ते आधीच दाबलेले असतात. उताणी केली तर टेबलावरच जीव जाऊ शकतो. मी तिला सरळ, अंगाशी धरायला सांगतो आणि पोटाच्या सर्वांत खालच्या भागात सुई घालून पाणी काढतो. सावकाश, आणि सगळं नाही. घाईने रिकामं केलं तर रक्तदाब कोसळतो. त्या पाण्याचा रंग मी उजेडात धरून पाहतो. पातळ, स्वच्छ, पिवळसर असेल तर यकृत, हृदय किंवा गाठ यांची शंका. गढूळ, बलकाच्या गुठळ्यांचं, वास मारणारं असेल तर संसर्ग. आजींच्या कोंबडीचं गढूळ निघालं. औषधं चालली, पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. ती अंगणात फिरायला लागली, धुळीत अंग घुसळायला लागली. होळीच्या सुमारास गेली. मधले महिने तिला त्रास कमी होता. मी याला यश म्हणतो.

सगळ्याच फुगलेल्या पोटांना इतका वेळ मिळत नाही. कोंबडी सारखी खुराड्यातल्या अंड्याच्या जागी जाऊन बसते, जोर करते, शेपटी खालीवर होते आणि काही पडत नाही, तेव्हा अंडं अडकलेलं असू शकतं. ही तातडीची वेळ. कोमट पाण्यात मागचा भाग बुडवून ठेवा, उबदार अंधाऱ्या जागी ठेवा आणि लगेच घेऊन या. कॅल्शियमचं इंजेक्शन पुष्कळदा काम करतं. बोट घालून आत अंडं फोडायचं धाडस मात्र करू नका. कवचाच्या तुकड्याने नलिका फाटते.

वय वाढलेल्या कोंबड्यांत बीजांडकोशाचा कर्करोग इतका दिसतो की स्त्रियांच्या त्याच आजाराच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबड्याच वापरतात. तिथे माझ्याकडे उपाय नाही. श्वास लागायला लागला, पाणी काढूनही दोन दिवसांत भरायला लागलं, की मी शांत मरण देण्याचा विषय काढतो. “कोंबडीसाठी एवढं?” असं शेजारीपाजारी म्हणतात, म्हणू द्यावं. दुखणं किमतीवर ठरत नाही.

आता घरच्यांनी करायचं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी, कोंबड्या दांडीवर बसल्या की प्रत्येकीच्या पोटाखाली हात घाला. निरोगी पोट मऊ आणि सैल लागतं, ते एकदा हाताला कळलं की बदल लगेच समजतो. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळीला टोचून हैराण करतात. तुरा पडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. अंड्यावरच्या कोंबडीला लेयरचं खाद्य आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा द्या. नुसती कणी आणि शिळा भात पुरत नाही. हौसेच्या कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री दिवा लावू नका. 14 ते 16 तास उजेड मिळाला की शरीर अंडी घालतच राहतं. थंडीत दिवस लहान होतात, तेव्हा तिला थांबू द्या. आणि खुडूक बसलेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळणं, नाकात पीस घालणं, हे प्रकार बंद करा. तेवढ्या दिवसांत तिच्या नलिकेला आराम मिळतो.

घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी कुटून देऊ नका. मात्रा चुकते, जिवाणू निबर होतात. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही ती अंडी खाऊ नयेत, शेजारी वाटू नयेत.

एक कोंबडी मेली तर आजार तिचा एकटीचा असेल. दोनचार दिवसांत एकीमागून एक मेल्या तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एकटीदुकटी गेली तरी शवविच्छेदन करून घ्या. हातमोजे घालून, दोन पिशव्यांत बांधून, बर्फाशेजारी ठेवून त्याच दिवशी आणा. डीप फ्रीझरमध्ये गोठवलं तर पेशी फुटतात आणि पाहण्यासारखं फार उरत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पोट उघडल्यावर बलक दिसतो, गाठ दिसते की चरबीने पिवळं पडून फुटलेलं यकृत, त्यावर खुराड्यातल्या बाकीच्यांचं खाणं बदलायचं, की दिवा काढायचा, की काहीच करायचं नाही, हे ठरतं.